चर्चमधला अभंग

चर्चमध्ये अभंग म्हणतात, असं सांगितलं तर आपल्या भजनी मंडळातल्या निम्म्या बायकांचा विश्वास बसत नाही. चर्च म्हटलं की सिनेमात पाहिलेलं डोळ्यांसमोर येतं. पांढरा झगा घातलेली नवरी, मोठ्ठा पियानो आणि गंभीर चेहऱ्यानं इंग्रजी गाणी म्हणणारी माणसं. पण मराठवाड्यात, विदर्भात किंवा नगर-नाशिककडे रविवारी सकाळी एखाद्या मराठी चर्चच्या बाहेर जरा थांबून बघा. पेटीचा सूर ऐकू येईल, तबल्याचा ठेका येईल, कधी टाळही वाजतील. डोळे मिटून ऐकलं तर आपण एकादशीच्या भजनाला आलोय असंच वाटेल. देवाचं नाव आलं की मगच कळतं, अरेच्चा, हे तर येशूचं भजन!

आपल्या हिंगोली जिल्ह्यात ख्रिस्ती घरं फार थोडी. त्यामुळे ही गाणी आपल्या कानांवर पडतात ती बहुतेक दवाखान्यात. माझ्या ओळखीच्या एक निवृत्त सिस्टर आहेत. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात त्यांनी उभी नोकरी काढली. रात्रपाळीला वॉर्डात फिरताना त्यांना गुणगुणायची सवय. एका रात्री तापानं फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसलेल्या बाईनं त्यांना विचारलं, "सिस्टरबाई, कुणाचा अभंग हाय हो ह्यो? तुकोबाचा का?"

"नाही मावशी, टिळकांचा."

"लोकमान्य?"

सिस्टर हसल्या. म्हणाल्या, "ते वेगळे. हे नारायण वामन." मावशींना नावाशी काही देणंघेणं नव्हतं. त्या म्हणाल्या, "कुणाचा का असंना, पुन्यांदा म्हणा." मग पहाटेपर्यंत सिस्टर जेव्हा जेव्हा त्या कॉटपाशी आल्या, तेव्हा तेव्हा तेच भजन झालं. दुसऱ्या दिवशी मावशीही त्यांच्याबरोबर ध्रुपद धरायला लागल्या होत्या.

हे नारायण वामन टिळक आपल्याला तसे अनोळखी नाहीत. शाळेत 'केवढे हे क्रौर्य' ही कविता वाचून ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांना ते आठवतील. फुलामुलांचे कवी म्हणतात ते हेच. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. ब्राह्मण घर, संस्कृतचं शिक्षण आणि स्वभाव विलक्षण तापट आणि तितकाच मायाळू. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थांशी गाठ पडली, त्यांनी बायबल हाती दिलं आणि पुढे १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

धर्म बदलला, पण माणूस मराठीच राहिला. तोवर मराठी चर्चमध्ये बरीचशी गाणी इंग्रजीवरून भाषांतर केलेली असत. चाल विलायती, शब्द मराठी. उसनं आणलेलं पोलकं कसं, घालता येतं पण हात वर केला की काखेत ओढतं, तसं काहीसं व्हायचं. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ, दीर्घाच्या जागी ऱ्हस्व. नाही म्हणायला टिळकांच्या आधी नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालीवर पदं रचली होती, कीर्तनंही केली होती. टिळकांनी मात्र अभंगाला थेट चर्चमध्ये नेऊन बसवलं. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते सांगत. त्यांच्या भजनांत ख्रिस्त राजासारखा सिंहासनावर फारसा दिसत नाही. तो गुरू आहे, सखा आहे, आणि पुष्कळदा तर आईच आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या मुलखातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? 'उपासना संगीत' या मराठी चर्चच्या गीतपुस्तकात त्यांची भजनं आजही आहेत आणि पुस्तक न उघडता म्हणणारी माणसंही आहेत.

आता यात आपल्या जिल्ह्याचा संबंध काय, असं वाटेल. तर संबंध आहे आणि तो फार जुना आहे. अभंगाची ही वाट ज्यांनी रुळवली त्या नामदेवांचं नाव नर्सी गावाशी जोडलेलं आहे, आणि नर्सी म्हणजे आपल्या हिंगोलीचीच. औंढ्याची कथा तर आपल्याकडे पोराबाळांना पाठ असते. नामदेवांचं कीर्तन चालू होतं, पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागे जायला सांगितलं, ते निमूट मागे जाऊन गायला लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं! गाणं दारात अडवता येत नाही हे सांगणारी याहून चांगली कथा मला माहीत नाही. त्याच नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला जाऊन आलेल्या कितीतरी जणींना हे ठाऊकही असेल. तेव्हा आपल्या मातीतलं गाणं परक्याच्या देवघरात जाणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही. निकोल मॅकनिकल नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्यानं नामदेव, जनाबाई, तुकाराम यांचे अभंग इंग्रजीत नेले, ते पुस्तक १९१९ मध्ये निघालं. त्यांनीच टिळकांची भजनंही इंग्रजीत केली आणि त्यातलं एक तर इंग्रजी चर्चच्या गीतपुस्तकांत जाऊन बसलं. म्हणजे विलायतेहून गाणी इकडे आली तशी आपल्याकडूनही एक तिकडे गेलं. फिटंफाट!

पण मैत्रिणींनो, टिळकांपेक्षा मला जास्त सांगायचंय ते त्यांच्या बायकोबद्दल. लक्ष्मीबाई टिळक.

नाशिकजवळच्या जलालपूरची ही गोखल्यांची मनू. अकराव्या वर्षी लग्न झालं. शाळा नाही. लिहिणं-वाचणं शिकवलं ते टिळकांनी, घरीच, आणि तेही रागावत, भांडत. नवरा कधी कुठे निघून जाईल याचा नेम नसे. घरात आलेला पैसा दारात आलेल्या पहिल्या गरजवंताला देऊन मोकळा होणारा हा माणूस. मुलं झाली, काही गेली. आणि मग एक दिवस कळलं की नवरा ख्रिस्ती झाला. तिला न सांगता.

त्या काळात याचा अर्थ काय होता हे समजून घ्यायला हवं. नवरा जिवंत, पण असून नसल्यासारखा. ती सवाष्ण म्हणायची की काय, हेही लोकांना कळेना. लहानग्या दत्तूला घेऊन ती नातेवाइकांच्या आधारानं राहिली. नाशिकला राहिली, पंढरपूरला राहिली. लोकांची बोलणी खाल्ली. असं जवळजवळ पाच वर्षं चाललं. नंतर ती नवऱ्याकडे आली ती स्वतःच्या अटीवर. माझा धर्म मी पाळणार, माझं पाणी वेगळं, माझा स्वयंपाक वेगळा. टिळकांनीही ते मान्य केलं. पुढे तिचं सोवळं सुटलं ते टिळकांच्या व्याख्यानानं नाही. जात माणसानं केली की देवानं, या प्रश्नाशी ती एकटीच झगडली आणि तिचं उत्तर तिला मिळालं. १९०० साली तिनं बाप्तिस्मा घेतला.

मला ही गोष्ट मोठी वाटते ती धर्मांतरासाठी नाही. कुणी कुठल्या देवाला हाक मारावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. मोठी यासाठी वाटते की जिला भजनातला एकही शब्द मान्य नव्हता, तीच पुढे त्या भजनांची सर्वांत मोठी वारसदार झाली. टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं होतं. येशूचं सगळं चरित्र मराठी ओवीत सांगायचं, असा बेत. दहा-अकरा अध्याय झाले आणि ९ मे १९१९ ला टिळक गेले. मागे राहिली ती अर्धवट वही आणि ही बाई. वय पन्नाशीचं. शाळेचं तोंड न पाहिलेली. हिनं ती वही पुढे ओढली आणि एकामागून एक ६४ अध्याय लिहिले! घरं बदलत, गावं बदलत, संसाराच्या ओढाताणीतून. पुस्तक छापून आलं ते १९३८ मध्ये, ती गेल्यानंतर दोन वर्षांनी. टिळकांचं नाव सगळ्यांना माहीत, पण त्या ग्रंथाचा मोठा वाटा तिचा आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. असं बायकांच्या बाबतीत होतंच म्हणा.

ओवी तिला शिकवावी लागली नाही, हे इथं लक्षात घेतलं पाहिजे. ओवी बायकांच्या हाताला असतेच. जात्यावर बसलं की ती येते. गंगाखेडची जनी दळताना देवाला जोडीला बसवायची, ते आपल्या परभणी-हिंगोलीच्या बायांना सांगायला नको. आता जाती गेली, गिरण्या आल्या, पण सत्तरीच्या पुढच्या आज्यांना विचारा, निदान दहा ओव्या तरी निघतील. लक्ष्मीबाईंनी हातात असलेलं तेच साधन वापरलं. आणि गंमत म्हणजे हे करणारी ती पहिली नव्हती. तिच्या तीनशे वर्षं आधी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटानं सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं होतं. ते १६१६ साली राचोलला छापलं गेलं. परमुलखातून आलेल्या माणसालाही इथल्या लोकांच्या दुःखाशी बोलायला ओवीच लागली.

बरं, ज्या विलायती गाण्यांना मी वर उसनं पोलकं म्हटलं, त्यांच्यावर अन्याय नको व्हायला. चाल परकी असेल, पण त्यातल्या कितीतरी गाण्यांच्या मागचं दुःख आपल्या ओळखीचं आहे.

अमेरिकेत शिकागो शहरात होरेशियो स्पॅफर्ड नावाचे एक वकील होते. १८७१ च्या शिकागोच्या मोठ्या आगीत त्यांचं बरंच नुकसान झालं. १८७३ मध्ये सगळं कुटुंब युरोपला जायचं ठरलं. त्यांना कामामुळे मागे राहावं लागलं, म्हणून पत्नी अ‍ॅना आणि चार मुली पुढे निघाल्या. २२ नोव्हेंबरला भर समुद्रात त्यांच्या जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली आणि ते थोड्याच वेळात बुडालं. चारही मुली गेल्या. अ‍ॅना वाचली. किनाऱ्याला लागल्यावर तिनं नवऱ्याला तार केली की मी एकटीच वाचले. तो तिला आणायला निघाला, आणि त्या काळात त्यानं जे गीत लिहिलं ते आज जगभरच्या चर्चमध्ये म्हणतात. वादळ असो की शांतता, माझ्या जिवाचं बरं आहे, असा त्याचा सारांश. गीताची ही कथा सांगतात ती नेहमी होरेशियोची म्हणून. मला मात्र दर वेळी अ‍ॅना आठवते. पाण्यात ती होती. लेकी तिच्या हातून सुटल्या होत्या. पुढे १८८० मध्ये त्यांचा लहान मुलगाही तापानं गेला. नंतर हे दोघं जेरुसलेमला जाऊन राहिले आणि तिथं गोरगरिबांसाठी काम करत राहिले. "बरं आहे" हा शब्द त्या बाईनं किती वेळा गिळला असेल आणि किती वेळा उच्चारला असेल, कोण जाणे.

फॅनी क्रॉस्बी ही दुसरी. तीही अमेरिकेचीच, जन्म १८२० चा. दीड महिन्याची असताना डोळे आले, कुणा वैद्यानं चुकीचा उपचार केला आणि दृष्टी गेली, असं ती स्वतः सांगे. या बाईनं चौऱ्याण्णव वर्षांच्या आयुष्यात आठ हजारांहून जास्त भक्तिगीतं रचली. मनात रचायची आणि दुसऱ्याकडून लिहवून घ्यायची. एका गाण्याचे एक-दोन डॉलर मिळायचे. पुस्तकात सगळीकडे एकाच बाईचं नाव दिसू नये म्हणून तिची गाणी शेकड्यानं टोपणनावांखाली छापत. आपल्याकडच्या ओव्यांवर तर नावच नसतं, तेव्हा याचं नवल आपण काय करावं!

आणि एक गाणं तर तुम्ही नक्की ऐकलंय, शब्द माहीत नसतील एवढंच. दर वर्षी २९ जानेवारीला संध्याकाळी दिल्लीत 'बीटिंग रिट्रीट' होतं. त्यात दिवे लागणीच्या वेळी एक संथ धून वाजायची, 'अबाइड विथ मी' तिचं नाव. दूरदर्शनवर आपण कितीदा पाहिलीय ती. २०२२ पासून ती त्या कार्यक्रमात वाजत नाही. ते गीत हेन्री लाइट नावाच्या धर्मगुरूंचं. क्षयानं खंगलेले होते, १८४७ मध्ये गेले. दिवस मावळतोय, तू माझ्यापाशी थांब, एवढंच मागणं आहे त्यात. गांधीजींना हे गीत फार आवडायचं.

मग या गाण्यांनी धीर येतो तो कशानं? मी सिस्टरना हे विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, "बाई, ह्यात कुणी रागवत नाही. रडू नको असं कुणी म्हणत नाही." मला ते पटलं. आपल्याकडे दुःखात असलेल्या बाईला सल्ले फार मिळतात. तिनं खंबीर व्हावं, लेकरांकडे बघावं, लोक काय म्हणतील ते बघावं. टिळकांची भजनं तसं काही सांगत नाहीत. ती आधी कबूल करतात की मी दमलोय, माझ्यानं होत नाही, माझी लायकी नाही. आणि मग आईच्या पदराला धरावं तसं देवाला धरतात. आपल्या जनीनं, नामयानं तेच केलं. अभंग असतोही लहान. भांडी घासताना, निंदायला गेल्यावर, एसटीच्या खिडकीपाशी बसून पुरा होतो. पुस्तक लागत नाही, चश्मा लागत नाही.

आणखी एक आहे. ही गाणी एकटीनं म्हणायची नसतातच मुळी. एकीनं ओळ सोडायची, बाकीच्यांनी उचलायची. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात १८९६-९७ च्या आणि पुन्हा १९०० च्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली-बाया होत्या. कुणी बालविधवा, कुणी टाकलेल्या, कुणाचं सगळं घरच उपाशी मेलेलं. त्यांच्या दिवसात शेतीकाम होतं, विणकाम होतं, छापखाना होता, तसंच भजनही होतं. ज्या पोरीला स्वतःबद्दल एक वाक्य बोलता येत नाही, तिला दहाजणींच्या आवाजात आपला आवाज मिसळता येतो. आपल्या भजनी मंडळात येणाऱ्या एखाद्या अबोल सूनबाईकडे जरा लक्ष देऊन बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

अर्थात गाण्यानं कर्ज फिटत नाही. आपल्या मराठवाड्यात घरचा कर्ता गेलेल्या किती बायका आज शेत आणि लेकरं एकटीनं सांभाळतायत! त्यांना बँकेचा कागद, सात-बाऱ्यावरचं नाव आणि मदतीचा चेक लागतो. मन फारच खचलं असेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर डॉक्टरांकडे न्यायला लागतं, भजनाला नेऊन भागत नाही. सिस्टरही हेच सांगतात, आणि त्यांनी दोन्ही केलंय. त्या रात्री लेकराचा ताप उतरला तो औषधानं. मावशी मात्र सकाळपर्यंत बसून राहू शकल्या त्या भजनामुळे, असं त्यांचं म्हणणं.

कुणाला यातलं काही वाचावंसं वाटलं तर लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'पासून सुरुवात करा. विजया मेहता यांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपटही केला होता आणि सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाई उभी केली होती. पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात मिळायला हरकत नाही, नसेल तर मागून घ्या. भिशीच्या दिवशी एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी शेंगा सोलत ऐकायचं, असं हे पुस्तक आहे. भाषा अगदी बोलल्यासारखी. सुरुवातीलाच तिच्या वडिलांच्या सोवळ्याची हकिगत येते. हे गृहस्थ बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावायचे. मीठ धुतल्यावर घरात काय उरत असेल, ते तीच सांगेल.